वखराची पास आणि रोटाव्हेटरची रुंदी

छोटा ट्रॅक्टर घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला: रोटाव्हेटर किती फुटी घ्यावा? उत्तराआधी थोडं मागं जाऊ, कारण हा प्रश्न ट्रॅक्टरपेक्षा जुना आहे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पेरणीआधीची मशागत म्हणजे वखर. त्याची पास किती लांब ठेवायची, ते बैलजोडी आणि रान पाहून ठरायचं. घाटाखाली पूर्णाकाठची भारी काळी आणि घाटावरची हलकी मुरमाड जमीन, दोन्हीत एकच जोडी सारखी पास ओढत नाही. पास झेपली नाही की बैल थांबायचे. ओझं डोळ्याला दिसायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 च्या सुमारास बेळगावात तयार झाला, तरी हिशोब तोच राहिला: नांगर मोठा, तर बैल जास्त.

रोटाव्हेटरनं मात्र हे ओझं लपवलं.

1912 साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणानं वडिलांच्या शेतावर फिरत्या अवजाराचे प्रयोग सुरू केले. नांगरटीनं माती दबते, ती न दबवता भुसभुशीत करायची, हा त्याचा ध्यास. आधी माती बाजूला फेकली जायची. मग त्यानं कमी व्यासाच्या रोटरवर अंतर ठेवून एल आकाराची पाती बसवली. आजही आपल्या रोटाव्हेटरला तीच पाती असतात. 1920 ला पेटंट, 1922 ला कंपनी, 1938 ला इंग्लंडात कारखाना. रोटाव्हेटर हे नावही हॉवर्डच्याच घरचं. इंग्रजीत उलट वाचलं तरी तेच येतं.

आता गंमत बघा. वखर मागं ओढतो, रोटाव्हेटरची फिरती पाती ट्रॅक्टरला उलट पुढं ढकलतात. त्यामुळे मोठं अवजारही ओढायला हलकं वाटतं. सगळा ताण पीटीओवर आणि इंजिनवर जातो. बैल थांबून सांगत होता, इंजिन काळा धूर काढून सांगतं. आपण ऐकत नाही.

मीही ऐकलं नव्हतं. 24 एचपीच्या ट्रॅक्टरला 5 फुटी घेतला. विकणारा म्हणाला, मोठा घ्या, काम लवकर उरकतं. कपाशीच्या रानात इंजिन दबायला लागलं. मग मी खोली कमी केली. वर 2 इंच पीठ, खाली ढेकूळ तसंच. उचलला की पुढची चाकं हलकी. शेवटी दोनदा मारावं लागलं. वेळही गेला, डिझेलही गेलं.

म्हणून माझा हिशोब असा. रुंदीच्या एका फुटाला 5 ते 6 एचपी धरा, तीही पीटीओवरची. ती इंजिनच्या आकड्यापेक्षा कमीच असते. 15 ते 18 एचपीला 3 फुटी, 24 एचपीला 4 फुटी बरा. भारी काळ्या रानात 6 च धरा. दुसरं, मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरून बाहेर टेप लावा. रोटाव्हेटर तेवढा तरी रुंद हवा, नाहीतर चाकाचा माग तसाच दबलेला राहतो. तिसरं, त्याचं वजन ट्रॅक्टरच्या लिफ्टला झेपतं का ते पुस्तिकेत बघा.

आणि शेवटचं. माती दबू नये म्हणून जन्मलेलं हे अवजार दरसाल एकाच खोलीवर फिरवलं, तर पात्याखाली घट्ट थर बसतो. पावसात पाणी मुरत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. वाफसा पाहूनच फिरवा, अधूनमधून खोल नांगरट करा.

तुमच्या घरी जुना वखर असेल तर पास मोजून कळवा. कुठल्या रानात चालायचा, तेही लिहा.