सुटका झाली, पण घरी कोण परतलं?

आपल्याकडे शाहू महाराजांची कैद दोन सनांत उरकते. (हे साताऱ्याचे शाहू, संभाजीराजांचे पुत्र, कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत.) १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू, आई येसूबाईंसोबत मोगलांच्या हाती लागले. १७०७ मध्ये ते सुटले. मधल्या साडेसतरा वर्षांत माणसाचं काय होतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे एका नमुन्यावर माझं भागत नाही. म्हणून दुसरा नमुना घेऊ. साल १७०४, उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची सरहद्द. फेब्रुवारीच्या बर्फात फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी साथीदारांनी मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्ड गावावर छापा घातला आणि शंभरावर माणसं धरून पायी कॅनडाला नेली. त्यांत गावचे पाद्री जॉन विल्यम्स होते आणि त्यांची मुलगी युनिसही. तिचंही वय सातच.

दोन्हीकडे कैदी म्हणजे किंमत. फ्रेंचांना बाप्तिस्त नावाचा आपला एक कप्तान इंग्रजांकडून सोडवायचा होता, त्याच्या बदल्यात पाद्री उपयोगी होते. १७०६ मध्ये पाद्री परतले. औरंगजेबाच्या छावणीत शाहूंचं मोल याहून मोठं होतं. शिवाजी महाराजांचा नातू हातात असणं म्हणजे मराठ्यांच्या गादीवरचा दावा हातात असणं. म्हणूनच बादशहाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. ओलीस मौल्यवान राहायचा तर तो भोसलेच राहायला हवा होता! शिवाय आई सोबत होती.

युनिसचं उलट झालं. ती माँट्रियलजवळच्या काहनवाके या मोहॉक वस्तीत गेली. युद्धात आणि साथींत गेलेल्या माणसांची जागा भरायला कैद्यांना दत्तक घेण्याची त्या लोकांत रीत होती. तिथे ती ओलीस नव्हती, लेक होती. काही वर्षांत ती इंग्रजी विसरली, तिथेच लग्न केलं. पुढे माहेरच्यांना भेटायला आली, पण दर वेळी परत गेली. १७८५ मध्ये ती वारली, तीही काहनवाकेतच.

म्हणजे कैदेची वर्षं किती, यापेक्षा पकडणाऱ्याला तुमच्यातून काय हवंय, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता सुटकेकडे बघा. औरंगजेब गेल्यावर आझमशहाने शाहूंना सोडलं ते दयेपोटी नव्हे. दिल्लीच्या तख्तासाठी भावाशी लढायला जाताना मागे दक्षिणेत मराठ्यांत दुही माजावी, हा हिशेब त्यात होता. वर येसूबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस म्हणून ठेवून घेतलं.

हिशेब बरोबर निघाला. ताराबाईंच्या बाजूने सवाल आला: हा खरा शाहू कशावरून? तोतया असेल तर? सात वर्षांचं पोर गेलं होतं, पंचवीस वर्षांचा पुरुष आला होता. ओळख पटवायची तरी कशी? अखेर निकाल लागला तो भीमेकाठी खेडला, ऑक्टोबर १७०७ मध्ये. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि पारडं फिरलं. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. पकडणाऱ्याने दार उघडलं की अर्धीच सुटका होते. उरलेली अर्धी घरच्यांनी ओळख दिल्यावर.

येसूबाईंना मात्र आणखी बारा वर्षं थांबावं लागलं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, तेव्हा त्या परतल्या. एकोणतीस वर्षं, तीही राजकारणाच्या वाटाघाटीतलं एक कलम म्हणून.

पुणे-नाशिक रस्त्याने जाताना राजगुरुनगर लागतं, तेच हे खेड. तिथून जाल तेव्हा शाहूंच्या विजयाबरोबर हेही आठवा: त्या दिवशी त्यांची आई अजून कैदेतच होती.