कामावरून सुटल्यावरचा डोंगर

ओतारू स्टेशनाबाहेर बसच्या रांगेत माझ्या पुढे ऑफिसच्या कोटातला एक माणूस उभा होता. हातात लॅपटॉपची बॅग, खांद्यावर स्कीची लांबडी पिशवी. फेब्रुवारीतला बुधवार, संध्याकाळचे साडेसहा. सुट्टी नव्हती की सण नव्हता. पनवेलला याच वेळेला लोकलमधून उतरलेली माणसं रिक्षाच्या रांगेत उभी असतात, तसाच त्याचाही चेहरा दमलेला होता. फक्त तो घरी निघाला नव्हता, डोंगरावर निघाला होता.

कंपनीच्या कामासाठी मी जपानमध्ये होतो आणि दोन दिवस साप्पोरोला आलो होतो. तिथून ओतारू ट्रेनने पाऊण तासावर. गावाच्या पाठीशी तेन्गुयामा नावाचा डोंगर आहे, उंची ५३२ मीटर. म्हणजे आपल्या कर्नाळ्याहून थोडासाच जास्त. जगभरचे पर्यटक इथून पुढे निसेकोला जातात. हा डोंगर गावाचा आहे. रात्री दिवे लावून इथे स्की करता येतं, एवढं ऐकून मी गेलो होतो.

मला स्की येत नाही. बूट भाड्याने घेतले आणि सगळ्यात सोप्या उतारावर तासाभरात अकरा वेळा पडलो. सात-आठ वर्षांची पोरं शेजारून सुळ्ळकन निघून जात होती. शेवटी कडेला उभा राहून नुसतं बघत बसलो. उतारावर खांब, खांबांवर दिवे, खाली गाव आणि गावापलीकडे काळ्या पाण्यात बंदराचे दिवे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त परत फेकतो, त्यामुळे थोड्या दिव्यांतही अख्खा उतार उजळतो. मैदानातलं गवत असं करत नाही.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पनवेलला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. मी कॅमेरा उतारावर फिरवला. बाबांनी बर्फाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "हे सगळे कामावरून सुटून आलेत?"

"बरेचसे."

"मग आमच्यासारखेच."

बाबांनी तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्टमध्ये काम केलं. ते काय म्हणतायत ते मला कळलं, पण हे 'आमच्यासारखं' जपानमध्ये कधी सुरू झालं, ते परत आल्यावर शोधत बसलो.

जपानमध्ये बर्फ पूर्वापार आहे, पण स्की हा तिथे परदेशातून आलेला प्रकार. त्याची सुरुवातही खेळातून झालेली नाही. १९०२च्या जानेवारीत उत्तरेकडच्या हाक्कोदा डोंगरात सरावासाठी निघालेली २१० सैनिकांची तुकडी हिमवादळात सापडली. त्यातले १९९ जण मेले. बर्फात सैन्य चालवायचं कसं, हा प्रश्न त्यानंतर सैन्याला टाळता येण्यासारखा नव्हता.

१९१०च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला मेजर थिओडोर फॉन लेर्ख जपानला आला. रशियाला हरवणारं हे सैन्य आहे तरी कसं, ते बघायला. त्याला स्की उत्तम येत होतं. निइगाता प्रांतातल्या ताकादा गावात १३व्या डिव्हिजनचा सेनापती होता नागाओका गाइशी, लांबच लांब मिशांबद्दल प्रसिद्ध असलेला. त्याने लेर्खला आपल्या अधिकाऱ्यांना शिकवायला सांगितलं. पहिला धडा झाला १२ जानेवारी १९११ला. लेर्ख दोन काठ्या वापरत नसे, एकच लांब काठी धरून उतरायला शिकवत असे. आज जपानमध्ये १२ जानेवारी हा 'स्कीचा दिवस' मानतात.

ताकादात बर्फ इतका पडतो, की जुन्या घरांची छपरं पुढे रस्त्यावर ओढून त्याखालून चालायची सोय केलेली असते. त्याला 'गांगी' म्हणतात. आपल्या कोकणातली पडवी घरोघर जोडत नेली तर जसं दिसेल, साधारण तसं. भातशेतीचा मुलूख, आणि हिवाळाभर शेत बर्फाखाली. अशा गावात नागाओकाने स्की सैन्यापुरतं ठेवलं नाही, नागरिकांनाही शिकू दिलं. हिवाळा म्हणजे छपरावरचा बर्फ खोऱ्याने ओढणं, एवढंच ज्यांना माहीत होतं, त्यांना त्याच बर्फावर खेळता येऊ लागलं. १९१२मध्ये लेर्खने होक्काइदोत, आसाहिकावाला शिकवलं. १९२३मध्ये पहिली अखिल जपान स्की स्पर्धा झाली, ती ओतारूत.

आता दिव्यांकडे येऊ. रात्रीच्या स्कीला जपानी लोक 'नाइता' म्हणतात. इंग्रजी 'नाइट'ला शेपूट जोडून केलेला हा शब्द बेसबॉलमधून आला. जपानमधला व्यावसायिक बेसबॉलचा पहिला रात्रीचा सामना १७ ऑगस्ट १९४८ला योकोहामात झाला. युद्धात हरलेला, अमेरिकी ताब्यातला देश. दिवसभर राबून मोकळी झालेली माणसं दिव्यांखाली खेळ बघायला जमू लागली. तोच शब्द पुढे बर्फावर गेला. ओतारूत डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे दिवे नसतील तर नोकरदार माणसाला आणि शाळेतल्या पोराला कामाच्या दिवशी डोंगर मिळतच नाही. दिवे आले आणि बुधवारसुद्धा खेळाचा झाला.

यातून काय उभं राहतं, ते १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये दिसलं. ७० मीटर स्की जंपिंगची तिन्ही पदकं जपानच्या तिघांनी घेतली. कांस्यपदक मिळवणारा आओची सेइजी ओतारूचा होता.

मग पैसा आला. १९८७मध्ये रिसॉर्ट उभारणीला सवलती देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी स्कीवरचा एक प्रेमपट प्रचंड चालला. १९९०च्या डिसेंबरमध्ये शिंकान्सेनमधून उतरून थेट बर्फावर जाता येईल असं गाला युझावा सुरू झालं. नव्वदच्या दशकात स्की करणाऱ्यांचा आकडा १ कोटी ८० लाखांच्या आसपास पोहोचला. फुगा फुटल्यावर तो ओसरत गेला, आज त्याच्या एक तृतीयांशही उरलेला नाही. पोरंच कमी झाली. गावोगावचे छोटे स्की उतार बंद पडले, खांब गंजत उभे राहिले. मोठी रिसॉर्टं परदेशी पर्यटकांवर तगतात. पण बुधवारी संध्याकाळी बसने जाता येईल असा डोंगर एकदा बंद पडला, की निसेको कितीही भरलं तरी गावातल्या पोराची संध्याकाळ परत येत नाही.

ओतारू मला परकं वाटलं नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. तेही पनवेलसारखंच मागे पडलेलं बंदर. होक्काइदोची पहिली रेल्वे १८८०मध्ये इथूनच निघाली. हेरिंग मासळी आणि कोळसा यांवर गाव श्रीमंत झालं. १९५०च्या दशकात हेरिंग गेली, मग कोळशाच्या खाणीही बंद झाल्या. आपल्याकडे १८३०मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारे बोटीने पनवेलला उतरत. १८६३मध्ये रेल्वे घाट चढली, पण कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. शंभरेक वर्षं बाजूला राहिलं आणि १९७०मध्ये सिडको आल्यावर पुन्हा सगळ्यांना हवंसं झालं.

बाबांचं लहानपण त्या मधल्या काळातलं. त्यांचं मैदान म्हणजे भाताचं खाचर. दिवाळीनंतर कापणी झाली, की बांध तोडून सपाट केलेली जागा थेट पावसापर्यंत पोरांची. ताकादाला शेत बर्फाखाली गेलं की खेळ सुरू, इकडे शेत रिकामं झालं की खेळ सुरू. पुढे नोकरी लागल्यावर दिवस कारखान्याचा झाला आणि क्रिकेट रात्रीवर गेलं. बांबूला बांधलेले हॅलोजन, टेनिसचा चेंडू, माइकवर आगरी बोलीत रंगलेली कॉमेंट्री, बाउंड्रीला बसलेलं अख्खं गाव. रायगडात आजही हिवाळ्यात असे सामने पहाटेपर्यंत चालतात. फर्स्ट शिफ्ट करून बाबा रात्री खेळायला जायचे. आई चिडायची, पण डबा द्यायची.

त्यांच्या खाचरावर आता चौदा मजली इमारत आहे. मी आणि माझे मित्र रात्री अकराला जाळीच्या आत टर्फवर खेळतो, तासाच्या भाड्याने. आम्हाला परवडतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन जाळीबाहेर उभा राहून बघतो.

विमानतळ आला, सागरी पूल आला, या गावाची मोजणी आता मोठ्या आकड्यांत होते. विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण हिरव्या रंगात दाखवतात. ते मैदान घरापासून चालत किती मिनिटांवर आहे आणि संध्याकाळी सातनंतर तिथे दिवा लागतो का, हे त्या रंगातून कळत नाही.

तेन्गुयामावरून खाली येणाऱ्या बसमध्ये तो कोटातला माणूस पुन्हा दिसला. पिशवी पायांत उभी धरून गाढ झोपला होता. बुटांवरचा बर्फ वितळून बसच्या मजल्यावर पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, त्याला कामावर जायचं होतं.