आंबट थेंबाचा माग

कार्बोलिक आम्लाच्या वासाने डोळे चुरचुरतात. साल १८९२, गाव जर्मनीतलं लाइपझिग. तिशीतल्या डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइनच्या खांद्यावरून तुम्ही सूक्ष्मदर्शकात डोकावताय. काचपट्टीवर योनिमार्गातल्या स्रावाचा थेंब आहे, त्यात लांबट दांड्यांसारखे जंतू. बाळंतिणींचा ताप रोखायला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुवायला लावले त्याला ४५ वर्षं झाली, पण वाद मिटलेला नाही: बाळंतिणीला ताप आणणारे जंतू बाहेरून येतात, की बाईच्या अंगातच दडलेले असतात?

डोडरलाइन बोलत बसत नाही. पू करणारे स्टॅफिलोकोकस तो या दांड्यांच्या शेजारी वाढवायला ठेवतो. ते तग धरत नाहीत. दांडे लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणजे आपल्या दह्याला आंबट करतं तेच. अंगातले सगळेच जंतू वैरी नसतात, काही दारावरचे राखणदार असतात, हे तुम्ही घडताना बघताय.  प्रयोग देखणा.

डोळे मिटा. आता १९९१, अमेरिकेतलं सिएटल. सेमूर क्लेबानॉफ यांच्या प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलस (डोडरलाइनचे तेच दांडे) आणि गार्डनरेला एकाच नळीत सोडलेत. गार्डनरेला म्हणजे योनीतला समतोल बिघडला की माजणारा जंतू. इथे तो मरतो, आणि श्रेय मिळतं लॅक्टोबॅसिलस सोडतो त्या हायड्रोजन पेरॉक्साइडला. नळीत कॅटलेज हे एन्झाइम घातलं की पेरॉक्साइड नाहीसं होतं आणि गार्डनरेला वाचतो. पुरावा चोख! तुम्हीही मान डोलावता.

फार डोलावू नका. वीसेक वर्षं पुढे, बाल्टिमोरला चला. जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींना साधा प्रश्न पडलाय: पेरॉक्साइड बनायला प्राणवायू लागतो; नळीत हवा खेळते, शरीरात तिथे प्राणवायू असतो किती? फारच थोडा. मग ते नळीत जंतूंबरोबर योनीतला खरा स्रावही घालतात. एक टक्का स्राव पुरतो, पेरॉक्साइडची धार बोथट होते. २०११ साली ते आणखी पुढे जातात. पेरॉक्साइड भरमसाट वाढवलं, तर आधी मरतात राखणदार लॅक्टोबॅसिलसच. लॅक्टिक आम्लाचं मात्र वेगळं. अंगात असतं तेवढंच आम्ल, तेवढाच आंबटपणा, दोन तास. उपद्रवी जंतूंच्या तपासलेल्या सतराही जाती ढेपाळतात, राखणदारांना धक्का लागत नाही.

म्हणजे लाइपझिगचा तो तिशीतला डॉक्टर बरोबर होता. सिएटलची नळीही खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं गेलं तेवढंच तिने सांगितलं. पण आत काय घडतं हे बघायचं, तर आतलं थोडं नळीत आणावंच लागतं.

परत आलात की फ्रिजमधल्या दह्याकडे नजर जाईल. थांबा. योनीतला खंदा राखणदार लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस. आपल्या विरजणात तो सहसा नसतो. दही जेवणातच घ्या, आणि त्रास असेल तर डॉक्टरकडे जा.