तक्रार नाही म्हणजे समाधान?

२६ जुलै २००५. उल्हास आणि वालधुनीच्या पुरात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे सखल भाग बुडाले. भिजलेल्या मालाचा दावा कंपनीने नाकारला, तर दुकानदाराने विमा लोकपालाकडे जायचं का? जाताच येत नव्हतं! १९९८च्या नियमांत फक्त वैयक्तिक विमा बसायचा. दुकानाच्या पॉलिसीसाठी ग्राहक मंच नाहीतर कोर्ट. २०१७च्या नियमांनी एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग आत घेतले. आता आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग वर्षाच्या आत लोकपाल. फी नाही, वकीलही नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक. म्हणून तक्रारींचे आकडे १९९८पासून सलग जोडू नका (मी आधी तेच करत होतो). २०१७पूर्वीच्या आकड्यांत उल्हासनगरचा छोटा व्यापारी दिसत नाही, कारण त्याला दारच बंद होतं.