पोथ्यांना लावलेले कुलूप

शिरड शहापूरच्या एखाद्या शाळेला संगणकातल्या शेकडो गुणपत्रकांना एकाच परवलीच्या शब्दाने कुलूप लावायचे असेल, तर आज ते काही मिनिटांत होते. पण पुष्कळ ग्रंथ एका किल्लीने बंद करण्याची कल्पना मराठीला नवी नाही.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवले. त्यांतली सकळ लिपी विशेष प्रचलित. तिचे कर्तृत्व रवळोव्यासांकडे दिले जाते. तिच्यात प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह येते. ग्रंथ जपले गेले. पण मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेर शतकानुशतके अपरिचित राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते दार उघडले.

अशी लिपी मुळात उलगडते का? चिन्ह बदलले तरी एखादे अक्षर किती वेळा येते, ते बदलत नाही. अरब पंडित अल-किंदीने नवव्या शतकातच हे हेरले होते. अमेरिकेने २००१ साली प्रमाण मानलेली एईएस पद्धत ही खूणच पुसून टाकते. म्हणून तिथे परवलीचा भक्कम शब्द हरवला, तर राजवाड्यांसारखा पंडितही हात टेकेल. कुलूप लावण्याआधी किल्ली कोणाकोणाकडे राहील, हे आपण ठरवायला हवे. नाहीतर जपलेले आणि हरवलेले यांत फरक तो काय उरला?