ऐकीव तालीम आणि छापील स्वर

माळशेज घाटाच्या वाटेवरील मढ, त्याच्या पूर्वेस बाबाजी चैतन्यांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना वंद्य झालेले ओतूर, आणि दक्षिणेस तमाशाची पंढरी म्हणून मुलूखभर नाव असलेले नारायणगाव, या जुन्नर प्रांताच्या पट्ट्यात गायनाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या कानावाटेच चालत आली. हरिपाठात मुख्य गायकाने चरण उचलला की टाळकऱ्यांनी तो त्याच स्वरावर धरावयाचा, आणि फडावर शाहिराने ओळ सोडताच झीलकऱ्यांनी तिचा शेवट उंच स्वरात झेलावयाचा, हा येथला दस्तूर. सप्तकातील स्वरांची नावेही ज्याला ठाऊक नाहीत असा पोरगा पेटीवाल्याने ‘काळी चार’ धरली की ‘काळी पाच’, हे नुसत्या कानाने ओळखतो. हेही स्वरज्ञानच, फक्त त्याला सनद नाही.

दरबारी गायकीची रीत याहून फारशी निराळी नव्हती. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पिढीला विद्या मिळाली ती गुरुगृही सेवा करून, वर्षानुवर्षे पलटे घोटून आणि तंबोऱ्यापाशी बसून. खर्जाची तार नीट लागली म्हणजे तिच्यातून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. तो ज्याला ऐकू येऊ लागला त्याचा कान तयार झाला, असे मानीत. मात्र ही तालीम उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि अव्वल चीज खानदानाबाहेर जाऊ नये याची दक्षता अनेक घराण्यांत घेतली जाई.

ही कोंडी फुटू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1874 साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास मौलाबक्षांनी 1886 मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढून स्वरलिपीच्या आधारे शिकविण्यास आरंभ केला. आणि बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडून संगीत दरबारातून शाळेच्या वर्गात आणले. इकडे मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर येथल्या गायकांकडून चिजा मिळवून त्या लिहून घेत होते. त्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सहा भागांत निघाली.

परंतु दोघा विष्णूंच्या लिप्यांत एकवाक्यता नव्हती. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकातला; पलुसकरांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाची खूण. एका शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाळेचे पुस्तक तसेच वाचले असते, तर चीज एकदम दोन सप्तके सरकली असती! याहून खोल अडचण अशी की, भातखंडे कोमल स्वराखाली जी आडवी रेघ देतात, ती दरबारी कानड्याच्या गंधारालाही तीच आणि बागेश्रीच्या गंधारालाही तीच; परंतु दरबारीचा तो गंधार उतरलेला आणि आंदोलित असतो, आणि हा भेद त्या रेघेत मावत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहून हे सूक्ष्म स्थान मोजण्याचा प्रयत्न केला, श्रुतींची पेटीही तयार झाली. पण प्रचारात राहिली ती बारा स्वरांचीच पेटी.

या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच की, लिपीने विद्येवरचा कुलूपबंद पहारा उठविला, कानाची जबाबदारी मात्र कमी केली नाही. 1931 साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परंपरेत पुस्तके छापली गेली, अभ्यासक्रम आखले गेले, तरी परीक्षक विद्यार्थ्यापुढे कागद ठेवूनच थांबत नाही. तो स्वरसमूह गातो आणि विद्यार्थ्याने तो ओळखावयाचा असतो. उलट नुसत्या कानावर सोपविलेली विद्या गाणाऱ्याबरोबर नाहीशी होते, हेही तितकेच खरे. म्हणून मढ-ओतूरच्या भजनी मंडळांतील आणि नारायणगावच्या फडांतील ज्या जाणत्यांच्या कंठात जुन्या चाली आहेत, त्यांच्यापाशी स्वरलिपी जाणणाऱ्या तरुणांनी वेळीच बसावे, चाल आधी गाऊन दाखवावी, ती बिनचूक उतरली अशी त्यांची खात्री पटवावी आणि मगच ती कागदावर लिहावी.