हीबारोंचे संचलन

पाश्चात्य संगीताचा इतिहास सांगताना व्हिएन्ना, पॅरिस, लाइपझिग ही नावे ओळीने येतात. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे नाव त्यांत सहसा नसते. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अमलाखालचे हे बेट युरोपला ठाऊक होते ते मुख्यत्वे साखरेमुळे. तरी १८५७-५८ च्या सुमारास एकट्या पियानोसाठी रचलेली एक लहानशी चीज तेथे जन्मली. 'सूव्हनीर द पोर्तो रिको', म्हणजे पोर्तो रिकोची आठवण, हे तिचे नाव. 'हीबारोंचे संचलन' हे उपनाव. हीबारो म्हणजे तेथील खेडवळ शेतकरी.

कर्ता लुई मोरो गॉटशॉक १८२९ साली न्यू ऑर्लिन्सला जन्मला. आईचे घराणे मूळचे सँ-दोमँगचे, म्हणजे आजच्या हैतीचे. कोवळ्या वयात तो पॅरिसला शिकावयास गेला, तेव्हा तेथल्या सरकारी संगीतशाळेने अमेरिकेतला मुलगा म्हणून त्याचे वादन न ऐकताच त्याला परत पाठविले. पुढे त्याच पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले, हे सांगावयास नकोच! १८५७ साली, पुढे जगद्विख्यात झालेली गायिका आदेलिना पात्ती हिला बरोबर घेऊन, तो कॅरिबियन बेटांच्या दौऱ्यावर निघाला.

नाताळात घरोघर गात जाऊन खाऊ मागण्याची चाल पोर्तो रिकोत आहे. अशाच एका गाण्याची धून गॉटशॉकने उचलली. आरंभी सूर अगदी हलके. दूरच्या वाटेवर पावले वाजावीत तसे. घोळका जवळ येतो, दारापुढून दणाणत जातो आणि पुन्हा दूर विरतो. सगळी रचना एवढ्या एका येण्याजाण्याची आहे.

पण खरी गंमत तालात आहे. श्रोत्यांनी मांडीवर बोटाने आठ समान मात्रा मोजाव्यात. युरोपीय संचलनाचे पाऊल पहिल्या व पाचव्या मात्रेवर पडते. आपल्या केरव्याचे विभागही चार-चारचेच. आता ठोका पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर द्यावा: तीन, तीन, दोन. पाऊल अडखळल्यासारखे वाटते आणि कंबर हलू लागते. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर असे ताल या बेटांवर उतरले. गॉटशॉकचे संचलन सरळ पावलांनी सुरू होते. पुढच्या आवर्तनांत हा ठोका आत शिरतो आणि पाहता पाहता घराचा मालक होतो. दिवाणखान्यातल्या पियानोवर हे घडावे, याचे महत्त्व आम्हांला धुनेहून अधिक वाटते.

काही जागा निव्वळ टाळ्यांसाठी आहेत, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पोटासाठी गावोगाव वाजविणाऱ्याकडून तेवढे चालायचेच. सल मात्र दुसरा आहे. दारोदार गाणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या स्वरलेखनावर नाही. 'हीबारो' एवढाच त्यांचा उल्लेख. आणि ज्यांच्या पूर्वजांनी हे ताल आणले ते तर त्या उपनावातही नाहीत.

पुढे हाच तिरपा ठोका पियानोवर रुळला. १९०९ साली स्कॉट जॉप्लिनने 'सोलेस' लिहिली. तिचे उपनाव मेक्सिकोचे, चाल क्यूबाच्या हाबानेराची. गॉटशॉक १८६९ साली, चाळिसाव्या वर्षी, ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोजवळ वारला. पोर्तो रिकोतील गुलामगिरी त्यानंतर चार वर्षांनी, १८७३ साली कायद्याने संपली.